डॉ. मॅन आणि क्षारपड जमिनीचा प्रश्न

नगर शहराच्या उत्तरेस नागापूर मागे टाकले की मनमाडचा रस्ता राहुरीच्या बागाईत पट्ट्याकडे जातो. मुळा-प्रवरेच्या पाटांनी ह्या भागाचे दैन्य पुष्कळसे फेडले, हे खरे. परंतु त्याच पाटांखालच्या काही शिवारांत उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर चढतो, ऊस पिवळा पडतो आणि मग युरियाची आणखी एक गोणी टाकली जाते. हा रोग नवा नाही. नीरेच्या खोऱ्यात त्याची रीतसर तपासणी करणाऱ्या डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांचे नाव अर्थशास्त्राचे विद्यार्थी मात्र निराळ्याच कारणासाठी पाठ करतात.

मॅन १८७२ मध्ये यॉर्क येथे जन्मले. शिक्षणाने ते रसायनशास्त्रज्ञ. १९०० मध्ये चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून ते हिंदुस्थानात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या शेतीखात्याचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. १९१७ साली त्यांनी पिंपळे सौदागर ह्या गावाची आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा १९१५ पर्यंत ७ एकरांवर आल्याचे तीत दाखविले होते. ही पाहणी आजही पाठ्यपुस्तकांत आहे. तिच्या सात वर्षे आधीचे, व्ही. ए. ताम्हणे ह्यांच्यासह केलेले नीरेच्या खाऱ्या जमिनींवरचे काम मात्र क्वचितच कोणी उघडून पाहतो. माझ्या मते तेही अर्थशास्त्रच आहे.

नीरेचा डावा कालवा दुष्काळी मुलखाला आधार म्हणून झाला. त्याच्या पाण्यावर ऊस आला आणि खोल काळ्या जमिनीत गरजेपेक्षा अधिक पाणी मुरू लागले. निचरा नसल्याने भूजलाची पातळी वर चढली, उन्हाने पाणी उडून गेले व क्षार पृष्ठावर राहिले. दोष पाण्याच्या अतिवापराचा व निचऱ्याच्या अभावाचा. तेव्हा उपायही पाणी बेताने देणे आणि चर काढणे हाच.

अशा जमिनीत नत्राचे काय होते, हे आज अधिक नेमके कळले आहे. मातीतील पाणी खारट असले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. नायट्रेट शोषण्याच्या कामी क्लोराइड आडवे येते. चोपण जमिनीत युरियातील बराच नत्र अमोनियारूपाने हवेत उडतो, आणि जमीन पाणथळ असेल तर नायट्रेटचा वायू होऊन जातो. पुढे ताट वाढलेले, पण घास गिळता येत नाही, अशी पिकाची गत होते. क्षार सौम्य असतील व निचरा बरा असेल तर बेताचा नत्र, तोही हप्त्याहप्त्याने दिलेला, उपयोगी पडतो. मूळ दुखण्यावर मात्र तो औषध नव्हे.

तरीही शेतकरी गोणीच का आणतो? ह्याला त्याचे अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. निमलेपित युरियाची ४५ किलोची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते आणि ती टाकायला कोणाला विचारावे लागत नाही. चर मात्र शेजाऱ्याच्या बांधातून जातो, त्याच्या खालच्या शेतातून ओढ्यापर्यंत जातो. वरच्याने पाणी सोडावे आणि खालच्याची जमीन खारवावी, हा हिशेब कोणाच्याच खातेवहीत लिहिला जात नाही. निचऱ्यासाठी सरकारी योजना आहेत. पण त्यांना साऱ्या शिवाराची संमती लागते. ७ एकरांच्या तुकड्यांचे गाव आणि खारट जमिनीचे गाव ह्या मॅन ह्यांच्या दोन अभ्यासांचा सांधा इथे जुळतो. धारणेचे जितके तुकडे अधिक, तितका चर काढणे अवघड.

१९२७ मध्ये मॅन निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि वोबर्न येथील प्रयोगक्षेत्र त्यांनी हाती घेतले. तेथे १८७७ पासून गहू व बार्ली ह्यांचे प्रयोग चालू होते. ज्या वाफ्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले होते, ती माती आम्ल होऊन पीक जवळजवळ नाहीसे झाले होते. चुना दिला तेथे ते पुन्हा उभे राहिले. नीरेकाठी क्षार, वोबर्नला आम्ल. दोन्हीकडे खत होते, पण ते घेण्याजोगी माती उरली नव्हती. १९५६ पर्यंत मॅन तेथेच काम करीत राहिले. १९६१ मध्ये ते वारले.