पांढरा धूर आणि रुडॉल्फ डिझेल

डिझेल हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. पण ते एका माणसाचं आडनाव आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना आय. सी. इंजिन्सचा पेपर येईपर्यंत ठाऊक नसतं. पेपरातही त्याची सायकल विचारतात, माणूस कोणी विचारत नाही. म्हणून मित्रांनो, आज त्या माणसाची गोष्ट. सोबत गाडीच्या पांढऱ्या धुराचीही, कारण तो धूर का येतो याचं उत्तर या माणसाच्या कामातच सापडतं.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, वडिलांचा चामडी वस्तूंचा धंदा, घरची परिस्थिती बेताची. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. 12 वर्षांच्या रुडॉल्फला मात्र जर्मनीत ऑग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. पोरगा हुशार निघाला आणि स्कॉलरशिप मिळवून म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. 1879 मध्ये ऐन फायनलच्या वेळी टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. केटीवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं : जानेवारी 1880 मध्ये त्याने परीक्षा दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाला.

रेफ्रिजरेशनमध्ये ज्यांचं नाव आपण वाचतो ते कार्ल फॉन लिंडे त्याचे सर होते. वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामाला लावतं, बाकीची वाया जाते, हे त्यांच्या तासाला ऐकलं आणि रुडॉल्फच्या डोक्यात किडा शिरला.

त्याची कल्पना ऐकायला साधी होती. सायकलमध्ये हवा भरताना पंप खालच्या टोकाला गरम लागतो. हवा दाबली की तापते. मग ती इतकी दाबायची, की आत सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय आपोआप पेटलं पाहिजे. फेब्रुवारी 1892 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्याने आणि क्रुप कंपनीने पैसा लावला.

10 ऑगस्ट 1893 ला पहिली चाचणी झाली. इंधन पेटलं, पण असा दणका बसला की दाब मोजायचा इंडिकेटरच फुटला! या पहिल्या इंजिनाला थंड करायला पाण्याचं जॅकेटही नव्हतं. कागदावर त्याची गरज वाटली नव्हती, लोखंडाने ती दाखवून दिली. पुढे इंजिन पुन्हापुन्हा उघडलं गेलं. व्हॉल्व्ह, पिस्टनचं सील, इंधन फवारायची पद्धत, सगळं बदलत गेलं. फेब्रुवारी 1894 मध्ये ते स्वतःच्या जोरावर जेमतेम एक मिनिट चाललं. 17 फेब्रुवारी 1897 ला प्रोफेसर श्रोटर यांनी रीतसर मोजमाप केलं तेव्हा 20 हॉर्सपॉवरच्या या इंजिनाची कार्यक्षमता 26.2 टक्के भरली. वाफेचं इंजिन कुठल्या कुठे मागे पडलं.

आता धुराकडे येऊ. डिझेल गाडी पांढरा धूर सोडते आणि त्याला कच्च्या डिझेलचा उग्र वास येतो, तेव्हा रुडॉल्फची मूळ अटच मोडलेली असते. हवा पुरेशी तापत नाही, म्हणून इंधन न पेटताच बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. कारण ग्लो प्लग गेलेला असेल, इंजेक्टर गळत असेल, टायमिंग उशिरा असेल किंवा रिंगा झिजून कॉम्प्रेशन उतरलं असेल. आधी स्वस्तातली तपासणी करायची, म्हणजे ग्लो प्लग. मग इंजेक्टर आणि टायमिंग. तरीही धूर हटला नाही तर कॉम्प्रेशन गेज लावायचा.

धुराला गोडसर वास येत असेल आणि कूलंट सारखं कमी होत असेल, तर मामला वेगळा. ज्या पाण्याच्या जॅकेटशिवाय रुडॉल्फचं भागलं नाही, त्यातलंच पाणी आता सिलिंडरमध्ये शिरतंय. हेड गॅस्केट उडालेलं असतं नाहीतर हेडला तडा गेलेला असतो. पेट्रोल गाडीतही हेच होतं. ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस दिसतो का पाहावं, आणि अशी गाडी पुढे दामटू नये. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नये. थंडीत सकाळी दोन-चार मिनिटं निघून थांबणारी बिनवासाची वाफ मात्र निरुपद्रवी. तिच्यासाठी मेकॅनिकचं बिल भरायची गरज नाही.

यशानंतर रुडॉल्फ सुखी झाला असं वाटेल, पण तसं झालं नाही. विकलेली सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकांकडे बंद पडू लागली, तक्रारी वाढल्या. अतिश्रमाने तब्येत ढासळली आणि त्याला सॅनिटोरियममध्ये राहावं लागलं. पैसा आला तसा चुकीच्या व्यवहारांत गेला. 1912 मध्ये सेलँडिया हे मोठं जहाज डिझेल इंजिनांवर महासागर पार करू लागलं, तेव्हा त्याचा निर्माता कर्जात बुडत होता. 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. तो 55 वर्षांचा होता. आत्महत्या की अपघात, याचा निकाल आजवर लागलेला नाही.

इंजिनातला एकेक दोष त्याने उघडून, मोजून दूर केला. स्वतःचं कर्ज आणि थकवा मात्र घरच्यांपासूनही झाकून ठेवला. आपण हॉस्टेलवाले यातून दोन गोष्टी घेऊ या. मशीन बिघडलं तर अंदाजाने पार्ट बदलत बसू नका, आधी कारण शोधा. आणि रूममेट गप्प गप्प राहायला लागला, मेसमध्ये दिसेनासा झाला, तर त्याच्या दारावर टकटक करा. तोही एक धूरच असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही.