सी. व्ही. रामन आणि तो फिकट उजेड: अ‍ॅमोलेड स्क्रीनच्या निमित्ताने

आमच्या पिपरी मेघेत दुकानदार पाचशेची नोट जांभळ्या दिव्याखाली धरतो तेव्हा नोटेवरचा नंबर चमकतो. तुमच्या फोनची अ‍ॅमोलेड स्क्रीनसुद्धा चमकते. या दोन्हींत एक नातं आहे, आणि ते समजून घ्यायला मला सी. व्ही. रामन यांची गोष्ट सगळ्यात सोपी वाटते.

हिशेब खात्यातला शास्त्रज्ञ

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा, तिरुचिरापल्लीचा. १९०७ मध्ये ते सरकारी अर्थखात्यात लागले. कोलकाता, रंगून अशा बदल्या झाल्या. मधे काही काळ ते आपल्या नागपूरलाही होते. कोलकात्यात ऑफिसच्या आधी आणि नंतर ते एका विज्ञान संस्थेत प्रयोग करत. १९१७ मध्ये चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठातली प्राध्यापकी घेतली. घरचे काय म्हणाले असतील, याचा विचार आपल्यासारख्या नोकरदारांनी करून बघावा!

आधी फ्लोरोसन्स समजून घेऊ

काही रेणू प्रकाश शोषतात, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात आणि उरलेली कमी ऊर्जेच्या, म्हणजे वेगळ्या रंगाच्या प्रकाशात परत देतात. हाच फ्लोरोसन्स, मराठीत प्रतिदीप्ती. नोटेवरची शाई हेच करते. ओलेड पिक्सेलमध्ये बाहेरून प्रकाश पाडत नाहीत, वीज देतात. सेंद्रिय थरात इलेक्ट्रॉन आणि होल भेटले की रेणू उत्तेजित होतो आणि प्रकाश सोडतो. चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी कोडॅकमध्ये केलेलं असं कमी व्होल्टेजवर चालणारं उपकरण १९८७ मध्ये जगासमोर आलं. आजही बऱ्याच फोनमध्ये निळा पिक्सेल फ्लोरोसंट रेणूंचाच असतो.

बग की नवीन गोष्ट?

१९२३ मध्ये रामन यांचे विद्यार्थी रामनाथन द्रवांमधून विखुरणारा प्रकाश तपासत होते. द्रवाच्या आधी जांभळा फिल्टर, डोळ्यासमोर हिरवट-पिवळा. दोन्ही फिल्टर मिळून सगळा प्रकाश अडायला हवा. तरीही फिकट उजेड दिसायचा. अंदाज साधा होता: द्रवात काहीतरी मिसळलंय, त्याचा हा फ्लोरोसन्स. मग द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला. उजेड काही जाईना.

मी कोड लिहितो. लॉगमध्ये रोज येणारी एक बारीक वॉर्निंग मी कित्येक महिने निरुपद्रवी समजून सोडून दिली होती, शेवटी तिनेच सिस्टीम झोपवली. रामन यांनी ती वॉर्निंग सोडली नाही.

१९२८ च्या सुरुवातीला खरा धागा मिळाला. तो उजेड जोरदार ध्रुवित होता, म्हणजे पोलरायझर फिरवला की एकदम मंद व्हायचा. द्रवातला नेहमीचा फ्लोरोसन्स असा वागत नाही. त्यांनी आणि के. एस. कृष्णन यांनी साठेक द्रव तपासले, सगळ्यांत तेच. २८ फेब्रुवारीला स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिलं, तर हा प्रकाश मूळ प्रकाशापासून वेगळा दिसला. पुढे पाऱ्याच्या दिव्याने त्याच्या स्पष्ट रेषा मिळाल्या.

फरक लक्षात ठेवायला सोपा आहे. फ्लोरोसन्सचा रंग रेणू ठरवतो. रामन परिणामात मूळ प्रकाशापासूनचं अंतर रेणू ठरवतो, म्हणून दिवा बदलला की रेषाही सरकतात. ते अंतर रेणूच्या कंपनातून येतं, त्यामुळे रेषा पाहून पदार्थ ओळखता येतो.

पुढे

१९३० मध्ये नोबेल मिळालं. विज्ञानात ते मिळवणारे रामन आशियातले पहिले. १९३३ मध्ये ते बंगळुरूला गेले. तिथे त्यांच्याकडे अ‍ॅना मणी यांनी हिऱ्यांच्या फ्लोरोसन्सवर काम केलं. एमएस्सी नसल्याने विद्यापीठाने त्यांना पीएचडी दिली नाही, हे मात्र आजही खटकतं. रामन यांना १९५४ मध्ये भारतरत्न मिळालं. २१ नोव्हेंबर १९७० ला ते गेले.

घरी करून बघा

चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये ढवळा, अंधारात नोट तपासायचा दिवा त्यावर धरा. दिव्यात थेट बघू नका, आणि स्पिरिटजवळ आग नको. हिरवट-पिवळी चमक दिसेल. तो फ्लोरोसन्स. रामन यांचा उजेड त्याहून कितीतरी फिकट होता.