पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : शहराला पोट देणारी राणी



31 मे आला की आपण अहिल्यादेवींच्या प्रतिमेला हार घालतो, भाषणं करतो. भाषणात काय असतं? त्यांनी मंदिरं बांधली, घाट बांधले, विहिरी खोदल्या. हे खरंच आहे. पण नुसत्या मंदिराने गाव जगत नाही, गावाला हाताला काम लागतं, हे त्यांना चांगलं कळलं होतं. आपण शिर्डीकर. आपलं गाव देवस्थानाचं. म्हणून आज त्यांचं चरित्र आपण जरा वेगळ्या बाजूने पाहूया.

बालपण आणि लग्न

अहिल्यादेवींचा जन्म 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडी या गावी झाला. म्हणजे त्या आपल्याच जिल्ह्याच्या लेक. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं ते त्यांच्यामुळेच. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शिकवण्याची रीत नव्हती, तरी माणकोजींनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. 1733 मध्ये मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मल्हाररावांनी सुनेची हुशारी ओळखली आणि हिशेब, पत्रव्यवहार, वसुली ही कामं तिच्यावर सोपवली.

दुःखावर दुःख

1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. अहिल्यादेवी सती जायला निघाल्या होत्या, पण मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. 1766 मध्ये मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. राज्याला वारस नाही असं पाहून राघोबादादा फौज घेऊन आले, पण अहिल्यादेवी डगमगल्या नाहीत, लढायला तयार झाल्या. शेवटी माधवराव पेशव्यांनी कारभार त्यांच्याकडेच ठेवला. फौजेचं काम तुकोजी होळकरांकडे आणि राज्यकारभार अहिल्यादेवींकडे, अशी वाटणी झाली. पुढे जवळजवळ 28 वर्षं त्यांनी राज्य केलं.

महेश्वर कसं उभं राहिलं?

त्यांनी राजधानीसाठी नर्मदेकाठचं महेश्वर निवडलं. हे जुनं तीर्थक्षेत्र, पण वैभव ओसरलेलं. तिथे त्यांनी किल्ला दुरुस्त करून घेतला, नदीला दगडी घाट बांधले, मंदिरं उभारली. स्वतःसाठी मात्र साधा वाडा.

आता खरी गोष्ट पाहा. घाट बांधून झाला की पाथरवटाचं काम संपतं. मग गावाने खायचं काय? अहिल्यादेवींनी बाहेरगावच्या विणकरांना महेश्वरात आणून वसवलं असं सांगितलं जातं. हातमाग सुरू झाले. राजघराण्यात आणि पाहुण्यांना भेट द्यायला तिथलंच लुगडं जाऊ लागलं, म्हणजे मालाला गिऱ्हाईकही मिळालं. घाटाच्या भिंतीवरची नक्षी साडीच्या काठावर आली. तीच आजची महेश्वरी साडी.

व्यापाऱ्याला भरवसा, रस्त्याला राखण

माल तयार झाला तरी तो बाजारात सुखरूप पोहोचायला हवा. त्या वेळी डोंगरातल्या वाटांवर लूटमार होत असे. अहिल्यादेवींनी आधी कडक उपाय केले. नंतर भिल्लांना त्यांच्या भागातून जाणाऱ्या मालावर थोडा कर घेण्याचा हक्क दिला. त्याला भिलकवडी म्हणत. बदल्यात त्यांनी वाटसरूंची राखण करायची आणि शेती करायची. कालचा लुटारू रस्त्याचा राखणदार झाला!

इंदूरचीही एक गोष्ट आहे. तिथला एक सावकार मूलबाळ नसताना वारला. तुकोजींना त्याच्या संपत्तीत वाटा हवा होता. सावकाराच्या बायकोने महेश्वरला येऊन दाद मागितली. अहिल्यादेवींनी संपत्ती त्या बाईकडेच ठेवली आणि तुकोजींना तिला त्रास न देण्याची ताकीद दिली. आपला पैसा इथे सुरक्षित आहे हे कळल्यावर व्यापारी इंदुरात राहू लागले. त्यांच्याच काळात इंदूर छोट्या गावाचं संपन्न शहर झालं, असं जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या ग्रंथात नोंदवलं आहे.

बांधकामाचा पैसा कुठून आला?

काशीचं विश्वेश्वराचं मंदिर, गयेचं विष्णुपद मंदिर, आपल्या शेजारचं वेरूळचं घृष्णेश्वर आणि तिथलं कुंड अशी कितीतरी कामं त्यांनी केली. यासाठी मुख्यतः घराण्याच्या खासगीचं उत्पन्न वापरलं, राज्याच्या तिजोरीचा हिशेब वेगळा ठेवला. शिवाय बांधून मोकळ्या झाल्या नाहीत. पूजा, अन्नदान यांसाठी कायमचं उत्पन्न लावून दिलं. आज आपण इमारतीचं उद्घाटन थाटात करतो आणि दोन वर्षांनी तिचा नळ गळत असतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

13 ऑगस्ट 1795 रोजी महेश्वर इथे अहिल्यादेवींचं निधन झालं. पुढे राजधानी इंदूरला गेली आणि राजाश्रय संपल्यावर महेश्वरचे मागही हळूहळू मंदावले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या बायकांना विणकाम शिकवून ते पुन्हा उभे करण्यात आले. आज ते चालू आहेत.

आपण काय शिकायचं?

शिर्डीत आता रेल्वे आहे, 2017 पासून विमानतळ आहे, 2022 मध्ये समृद्धी महामार्गही आला. पण 2020 मध्ये कोरोनामुळे मार्च ते नोव्हेंबर मंदिर बंद राहिलं तेव्हा काय झालं ते तुमच्या घरच्यांना विचारा. फुलवाला, प्रसादवाला, रिक्षावाला, लॉजवर काम करणाऱ्या मावशी, सगळ्यांची चूल एकदम अडचणीत आली. सगळं गाव एकाच खांबावर उभं असलं की असं होतं. महेश्वरात घाटाबरोबर मागही होता. भक्त कमी आले तरी माग चालू शकत होता. शिर्डीचा असा दुसरा खांब कोणता, हे अजून ठरायचं आहे, आणि ते तुमच्या पिढीला ठरवावं लागेल.

उपक्रम : आपल्या गल्लीतल्या दहा घरांची माहिती घ्या. कोणाचं पोट मंदिरावर, कोणाचं शेतीवर, कोणाचं इतर कामावर चालतं? तक्ता करा आणि वर्गात दाखवा. मग शिर्डीत आणखी कोणता उद्योग चालेल, यावर पाच ओळी लिहा.