रूझवेल्ट आणि १९१७ च्या कायद्यातलं एक कलम

अमुक देशाचे पैसे अमेरिकेने गोठवले, अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. या हत्याराला खरी धार लावली ती फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी.

३० जानेवारी १८८२ ला न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कमध्ये, श्रीमंत घरात जन्म. पुढे वकिली, मग नौदल खात्यात सहायक मंत्री. १९२१ मध्ये पोलिओने पाय गेले, तरी ४ मार्च १९३३ ला ते राष्ट्राध्यक्ष झाले. तेव्हा बँकांबाहेर पैसे काढायला झुंबड होती. दोनच दिवसांत त्यांनी देशातल्या सगळ्या बँका काही दिवस बंद ठेवायचा हुकूम काढला. आधार कुठला? शत्रूशी व्यापार रोखणारा, पहिल्या महायुद्धातला १९१७ चा कायदा! लढाई नव्हती, शत्रूही नव्हता. पण परकी चलन आणि सोनं यांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार त्याच्या एका कलमात होता. ९ मार्चला संसदेने एका दिवसात नवा कायदा करून हुकूम मान्य केला. बहुतेक सदस्यांच्या हातात मसुद्याची प्रतसुद्धा नव्हती. आता युद्ध नसलं तरी चालणार होतं, राष्ट्राध्यक्षांनी आणीबाणी जाहीर केली की पुरे. बँका सावरल्या, हे मान्यच. पण साधी हुंडीसुद्धा अनेकदा मुदत घालून लिहीत; इथे मुदतच नव्हती.

९ एप्रिल १९४० ला जर्मनी डेन्मार्क आणि नॉर्वेत घुसला. दुसऱ्याच दिवशी रूझवेल्टनी त्या देशांची अमेरिकेतली खाती गोठवली, हिटलरच्या हाती पैसा लागू नये म्हणून. संसदेची मंजुरी आली मे महिन्यात. जुलै १९४१ मध्ये पाळी जपानची. तेल पूर्ण तोडायचं त्यांच्या मनात नव्हतं, असं बरेच इतिहासकार मानतात. मात्र खात्यातून पैसे काढायला परवाना लागे, आणि अधिकारी तो देईनात. तेल विकायला मनाई नाही, पण पैसे चुकवायचे कसे? जपानचं बहुतेक तेल अमेरिकेतून यायचं. डिसेंबरात पर्ल हार्बर झालं. कारणं आणखीही होती, पण हे मोठं.

१२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. त्यांची १९३३ ची आणीबाणी मात्र कुणी उठवलीच नव्हती, हे सिनेटच्या समितीने १९७३ मध्ये दाखवून दिलं! १९७७ मध्ये जुना कायदा युद्धापुरता ठेवून शांततेच्या काळासाठी वेगळा कायदा झाला. क्युबावरचे निर्बंध मात्र १९१७ च्याच कायद्याखाली राहिले आणि राष्ट्राध्यक्ष दर वर्षी सही करून त्यांची मुदत वाढवत आले.