नारायण वामन टिळक : दुसऱ्या पाचारणाचा प्रश्न

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चरित्राचा विचार करताना मराठी समीक्षेने १० फेब्रुवारी १८९५ या एका दिवसाला फार मोठे स्थान दिले आहे. त्या दिवशी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि एका चित्पावन ब्राह्मण कवीच्या आयुष्याचे सरळ दोन तुकडे झाले, अशी ही मांडणी आहे. ती सोयीची असली तरी अपुरी आहे. टिळकांच्या आयुष्यात १९१७ साली आणखी एक वळण आले, आणि धर्मदृष्ट्या ते पहिल्याहून अवघड होते. पहिल्या वेळी त्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. दुसऱ्या वेळी, ख्रिस्ती म्हणून बावीस वर्षे काढल्यानंतर, आपण त्याच्या आज्ञेत खरोखर राहिलो आहोत का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव कडक स्वभावाचे, तर आई जानकीबाई भाविक व काव्याची गोडी असलेली. आईच्या अकाली मृत्यूनंतर घर सुटले ते कायमचेच. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले. थोडे इंग्रजी शिक्षणही झाले. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, यांच्याशी विवाह झाला तेव्हा वधूचे वय अकरा-बारा वर्षांचे होते. त्यानंतरची वर्षे भटकंतीची आहेत. नोकरी धरावी, सोडावी, घरात न सांगता निघून जावे, हा क्रम चालू राहिला. रागीट, उदार आणि व्यवहारशून्य अशा या माणसाचे चित्र ‘स्मृतिचित्रे’त इतक्या निर्मळ विनोदाने आले आहे, की त्यामागची अस्वस्थता वाचकाच्या नजरेतून निसटते. जातिभेद व रूढी यांना थारा नसलेला एक नवा धर्म आपणच स्थापावा, इथपर्यंत त्यांचे विचार याच काळात गेले होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी ग्रंथ वाचण्याचे वचन दिले व ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचा विरोध गळाला. मात्र मन वळणे आणि पाऊल उचलणे यांत जवळजवळ दोन वर्षांचे अंतर पडले. पत्नी, लहान मुलगा, आप्त आणि समाज यांचा पाश एवढा बळकट होता. या विलंबाला दुबळेपणा म्हणून निकालात काढणे बरोबर होणार नाही. ख्रिस्ती परंपरेला असा विलंब अपरिचित नाही. निनवेला जाण्याची आज्ञा टाळून योना तार्शीशच्या जहाजात बसला, तरी माशाच्या पोटातून बाहेर आल्यावर तीच आज्ञा त्याला पुन्हा मिळाली. पेत्राने तीनदा नाकारले. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवरकाठी त्याला तीनदाच विचारणा झाली आणि काम पुन्हा सोपवण्यात आले. या दोन्ही कथांत क्षमा आहे, परंतु क्षमेबरोबर मूळ आज्ञा शिथिल झालेली नाही. दुसरी संधी म्हणजे सूट नव्हे, हा त्यांचा गाभा. आणि टिळकांचे उत्तरायुष्य समजून घेण्यास तो आवश्यक आहे.

बाप्तिस्मा कोणा युरोपीय मिशनऱ्याच्या हातून न घेता रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी पाळकाकडून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला. पुढील संघर्षाचे बीज येथेच दिसते. या निर्णयाची किंमत मात्र लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. नाशिक, पंढरपूर येथे नातेवाइकांच्या आधाराने लक्ष्मीबाईंनी दिवस काढले. अखेर त्या नगर भागात पतीजवळ राहू लागल्या, त्याही आपला सोवळ्याचा संसार वेगळा ठेवून. राहुरीस असताना जातिभेद हा ईश्वरनिर्मित नसून मनुष्यनिर्मित आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने उमगले आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीची आज्ञा म्हणून त्यांनी हे केले नाही, आणि टिळकांनीही तशी आज्ञा केली नाही. एरवी पत्नीवर सहज संतापणारा हा गृहस्थ याच एका बाबतीत थांबून राहिला. ज्याला स्वतःला उत्तर देण्यास अवधी मिळाला होता, त्याने तो दुसऱ्यालाही दिला, असे येथे म्हणता येते.

नगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी अध्यापन व प्रचारकार्य केले; १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली; १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरात मिळालेला आश्रय सर्वपरिचित आहे. ‘फुलामुलांचे कवी’ ही उपाधी मात्र त्यांच्या धार्मिक रचनेवर अन्याय करणारी ठरली. इंग्रजी चालींवर बेतलेली उपासना मराठी अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही, हे ओळखून त्यांनी भजन व कीर्तन मंडळीत आणले, अभंग हा छंद ख्रिस्ताच्या सेवेस लावला. धर्मांतराने जी संतपरंपरा दुरावल्यासारखी झाली होती, ती ख्रिस्तभक्तीच्याच वाटेने त्यांना परत लाभली. तुकोबा हा आपल्याला ख्रिस्तापर्यंत नेणारा पूल आहे, अशी त्यांची धारणा होती. ‘अभंगांजली’तील आर्तता या पुनर्भेटीतून आलेली आहे, तिला केवळ रूपांतरित वारकरी वाणी म्हणणे उथळपणाचे होईल.

तथापि मिशनचे वेतन घेणारा सेवक आणि ख्रिस्ताचा अकिंचन शिष्य या दोन भूमिका एकत्र नांदेनात. १९१७ साली आलेल्या एका गूढ अनुभवानंतर त्यांनी मिशनचे वेतन सोडले, साताऱ्यास वास्तव्य केले आणि ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात यावेत. ख्रिस्ताचे होण्यासाठी समाजापासून तुटावे लागू नये, असा त्यामागे हेतू होता. स्वतः टिळक असे तुटले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेतील वेदना कळते. आपल्याला जे साधले नाही ते पुढच्यांना साधावे, अशी ती धडपड होती. मिशनच्या दृष्टीने हे धोक्याचे होते, आणि ती शंका निराधार नव्हती. बाप्तिस्म्याचा आग्रह सुटला तर मंडळी कशावर उभी राहावयाची, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर टिळकांनी दिलेले नाही. दरबारही त्यांच्या पश्चात फार काळ टिकला नाही. परंतु वयाच्या छपन्नाव्या वर्षी, प्रकृती ढासळत असताना, निश्चित उत्पन्नाचा त्याग करून उभे राहणे हे कवीचे लहरीपण खचित नव्हते. तरुणपणी घर सोडणाऱ्या टिळकांना कोठे जायचे ते ठाऊक नसे. या वेळी ते ठाऊक होते.

९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले व रक्षा नगरला नेण्यात आली. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. एके काळी पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेल्या लक्ष्मीबाईंनी उतारवयात ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. त्या १९३६ साली निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.