सिलोनच्या भाविकांचा धीर : संत जोसेफ वाझ

१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा सण. गोव्याच्या या सुपुत्राला आपण श्रीलंकेचे प्रेषित म्हणून ओळखतो. घरदार सोडून ते समुद्रापार गेले, ते तिथल्या धर्मगुरूविना राहिलेल्या भाविकांना धीर देण्यासाठी.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे, आईच्या गावी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पवित्र मरियेवर त्यांची एवढी भक्ती होती की, दुसऱ्याच वर्षी त्यांनी स्वतःला तिचा गुलाम म्हणून लिहून दिले. पुढे काही वर्षे त्यांनी कॅनरा भागात सेवा केली व १६८५ साली ते जुन्या गोव्यातील संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीत दाखल झाले.

त्या काळी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, दुःखद बातम्या येत होत्या. १६५८ साली डच लोकांनी जाफना जिंकले. ते कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले, चर्चेस ताब्यात घेतली व कॅथलिक उपासनेवर बंदी घातली. भाविकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी धर्मगुरू नाही. हे ऐकून फादर जोसेफ यांचा जीव कळवळला. ओरेटरीचे प्रमुखपद सोडून १६८६ साली ते जॉन नावाच्या सेवकासह निघाले आणि १६८७ साली भिकाऱ्याच्या वेषात जाफन्याला पोहोचले.

पोहोचताच ते हगवणीने आजारी पडले. अनोळखी मुलूख आणि डचांची भीती. त्यातून बरे झाल्यावर कॅथलिक कुटुंबे शोधायची कशी, हा प्रश्न होता. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. जपमाळ पाहून ज्यांच्या डोळ्यांत ओळख दिसली, तेच आपले लोक! अशा रीतीने त्यांना मुक्कामाला सिल्लालाई हे गाव मिळाले. जवळजवळ तीस वर्षांनंतर तिथल्या भाविकांना पुन्हा मिस्सा मिळाली. रात्री गावोगाव जाऊन ते पापनिवेदन ऐकत, बालकांना बाप्तिस्मा देत व पहाटेपूर्वी निघून जात.

या श्रद्धेची किंमत भाविकांनाही मोजावी लागली. १६८९ च्या नाताळात डचांनी धाड घातली. फादर निसटले, पण अनेक भाविक पकडले गेले. मारहाण व सक्तमजुरीमुळे काहींना प्राण गमवावे लागले. तरी भाविकांनी आपल्या धर्मगुरूचा ठावठिकाणा सांगितला नाही.

१६९२ साली ते कँडीच्या बौद्ध राजाच्या राज्यात गेले. पोर्तुगीजांचे हेर असल्याच्या संशयावरून त्यांना कैद झाली. कैदेत त्यांनी सिंहली भाषेचा अभ्यास केला आणि झोपडीवजा प्रार्थनास्थळ उभारले. दुष्काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, असे परंपरा सांगते. पुढे राजाने त्यांना मोकळीक दिली. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. नातलगांनी टाकून दिलेल्या रुग्णांची त्यांनी सेवा केली. त्यात जातधर्म पाहिला नाही.

आपण सगळीकडे पुरे पडणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून गावोगावी प्रार्थना चालविण्यासाठी व मुलांना धर्मशिक्षण देण्यासाठी त्यांनी प्रापंचिकांना तयार केले. गोव्याहून आणखी धर्मगुरू मदतीला आले. त्यांपैकी फादर जाकोम गोन्साल्विस यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल धार्मिक लेखन केले.

फादर जोसेफ पुन्हा गोव्याला परतले नाहीत. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी देह ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली त्यांना धन्य घोषित केले व पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद बहाल केले.

प्रिय भाविकांनो, आपल्या चर्चची घंटा दर रविवारी वाजते. जाफन्याच्या त्या माणसांनी मिस्सेसाठी तीस वर्षे वाट पाहिली. आपल्या धर्मग्रामातही आजारपणामुळे, वृद्धत्वामुळे किंवा जुन्या रागामुळे चर्चपासून दूर राहिलेले कोणीतरी आहे. या आठवड्यात त्यांच्या दारी जाऊ या, त्यांच्याबरोबर एक रोझरी म्हणू या.

संत जोसेफ वाझ, आम्हांसाठी विनंती कर.