बाळू पालवणकर

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. चर्मकार जातीच्या या कुटुंबाला त्या काळचा समाज अस्पृश्य मानी. पुण्यातील युरोपीय लोकांच्या क्लबात बाळू दरमहा चार रुपयांवर मैदान राखीत. तेथे ग्रेग नावाच्या निष्णात फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा डावा हात तयार झाला.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. मैदानावर सर्व गडी एकच चेंडू हाताळीत. चहा मात्र बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. त्यांनी हा अपमान मुकाट्याने सोसला. १९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपीय संघाला १०९ धावांनी हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड-दौऱ्यात हिंदी संघ बहुतेक मोठे सामने हरला. पण बाळूंनी एकंदर ११४ गडी बाद केले.

एवढे करूनही हिंदू संघाचे नायकपद त्यांना मिळाले नाही. अखेर १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले आणि त्याच वर्षी विठ्ठलांच्या संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू १९५५ साली निवर्तले. थोरल्या भावाला बंद असलेले दार धाकट्यासाठी उघडलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.